बॅटरी, हिटर आणि नॉर्वेचा हिवाळा

दर हिवाळ्यात ऑस्लोमधून विजेच्या गाड्यांचा एक ताफा निघतो. सगळ्या गाड्या पूर्ण चार्ज केलेल्या असतात आणि सगळ्यांचा रस्ताही एकच असतो: शहरातून उत्तरेला, दरीच्या कडेकडेने वर, बर्फाळ डोंगरात. कुठे पोहोचायचं हे महत्त्वाचं नसतं, गाडी किती अंतर जाते ते महत्त्वाचं असतं. म्हणून प्रत्येक गाडी जागच्या जागी थांबेपर्यंत चालवली जाते. थांबली की किलोमीटर लिहून घेतात आणि टोइंगची गाडी बोलावतात. नॉर्वेतल्या मोटारचालकांची संघटना ‘एनएएफ’ २०२० पासून ही चाचणी घेते आहे. विजेची गाडी घ्यायच्या विचारात असलेले नॉर्वेतले लोक तिच्या निकालाची वाट पाहतात.

पहिल्या वर्षी २० गाड्या होत्या. कंपनीने सांगितलेल्या रेंजपेक्षा त्या सरासरी साडेअठरा टक्के कमी चालल्या. मात्र सरासरीपेक्षा त्यांच्यातला फरक जास्त बोलका होता. ह्युंदाई कोनाची जाहीर रेंज ४४९ किलोमीटर होती. ती डोंगरातल्या थंडीतही ४०५ किलोमीटर गेली. ओपल अँपेरा-ई ४२३ सांगून २९७ वर थांबली. एकच रस्ता, एकच हवामान, तरी एकीची घट दहा टक्क्यांच्या आत आणि दुसरीची तीस टक्क्यांच्या घरात. २०२४ च्या चाचणीतही हेच दिसलं. चिनी बनावटीची हायफाय झेड ५५५ पैकी ५२२ किलोमीटर गेली, म्हणजे घट जेमतेम सहा टक्के. टेस्लाची नवी मॉडेल थ्री ६२९ पैकी ४४१ वर थांबली.

हे आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. २०२० मध्ये सर्वांत लांब गेलेली गाडी टेस्लाची मॉडेल एस होती, ४७० किलोमीटर. पण तिची जाहीर रेंज ६१० होती, त्यामुळे टक्केवारीच्या तक्त्यात ती बरीच खाली दिसते. जाहीर रेंज येते प्रयोगशाळेतून. युरोपातली ही चाचणी २३ अंश सेल्सिअसला होते, तिचा सरासरी वेग ताशी साडेशेहेचाळीस किलोमीटर असतो आणि गाडीचा हिटर किंवा एसी बंद असतो. जानेवारीतल्या नॉर्वेत यातलं काहीच खरं नसतं. तेव्हा घटीची टक्केवारी पाहण्याआधी प्रत्यक्ष किलोमीटर पाहावेत. प्रवासात तेच उपयोगी पडतात.

नॉर्वेकडे पाहायचं ते एवढ्याचसाठी की तिथे हा प्रश्न कागदावरचा नाही. २०२४ मध्ये तिथे विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी जवळपास ८९ टक्के पूर्णपणे विजेवरच्या होत्या. त्याची सुरुवात जुनी आहे. १९८९ मध्ये ‘आ-हा’ या पॉप गटाचा गायक मॉर्टन हार्केट आणि पर्यावरण कार्यकर्ते फ्रेडरिक हाऊगे यांनी विजेवर चालणारी केलेली एक छोटी फियाट पांडा नॉर्वेत आणली. विजेच्या गाडीला टोल नसावा म्हणून टोल न भरताच ते नाक्यावरून जात राहिले. दंड साठत गेला, गाडी जप्त होऊन लिलावात निघाली आणि विषय वर्तमानपत्रांत गाजला. १९९७ मध्ये टोलमाफी मिळाली. पुढे करसवलतीही आल्या आणि आज तिथे उत्तर ध्रुववृत्ताच्या पलीकडच्या गावांतही लोक हिवाळाभर विजेच्या गाड्या चालवतात. थंडीत रेंज कशी राखायची हे त्यांच्या रोजच्या सवयींचा भाग झालं आहे. त्या सवयींमागचं कारण समजलं, तर त्या कुठेही वापरता येतात.

कारण समजून घ्यायला आधी ऊर्जेचा हिशेब मांडावा लागतो. गाडीच्या बॅटरीची क्षमता किलोवॉट-तासात सांगतात. तो म्हणजेच आपल्या वीजबिलावरचा एक युनिट. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिट ऊर्जा असते, म्हणजे ४५ लिटरच्या टाकीत सुमारे चारशे युनिट. चांगल्या मोठ्या विजेच्या गाडीत ७५ युनिट मावतात. आठ-सव्वाआठ लिटर पेट्रोलइतकी ऊर्जा घेऊन ही गाडी साडेचारशे किलोमीटर जाते, कारण तिची मोटर जवळजवळ काहीच वाया घालवत नाही. पेट्रोलचं इंजिन मात्र टाकीतली बहुतेक ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकतं. हिवाळ्यात त्या वाया जाणाऱ्या उष्णतेतली थोडी आत वळवली की गाडी फुकटात ऊबदार होते.

विजेच्या गाडीत अशी फुकटची ऊब फारशी नसते. आतली हवा गरम करायची तर त्याच ७५ युनिटांतून खर्च करावा लागतो आणि साठा लहान असल्याने तो खर्च लगेच डोळ्यांत भरतो. तसं पाहिलं तर थंडी पेट्रोलच्या गाडीलाही सोडत नाही. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या माहितीनुसार पंचवीस अंशांच्या तुलनेत उणे सात अंशांना शहरात पेट्रोल गाडीचं मायलेज सुमारे पंधरा टक्क्यांनी घटतं. पाच-सहा किलोमीटरच्या फेऱ्यांत ही घट चोवीस टक्क्यांपर्यंत जाते. टाकी मोठी आणि पंप जवळ, म्हणून ते कोणी मोजत बसत नाही.

मग थंडीत रेंज नेमकी खातं कोण, बॅटरी की हिटर? अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१९ मध्ये हे वेगवेगळं करून मोजलं. बीएमडब्ल्यू, शेव्हरोले, निसान, टेस्ला आणि फोक्सवॅगन यांची एकेक गाडी थंड केलेल्या खोलीत रोलरवर चालवली. उणे सात अंशांच्या आसपास हिटर बंद ठेवला तेव्हा रेंज सरासरी १२ टक्क्यांनी घटली. हिटर लावला तेव्हा घट ४१ टक्क्यांवर गेली. हिवाळ्यातली रेंज कशी वाढवायची याचं बरंचसं उत्तर या दोन आकड्यांमध्येच आहे. बॅटरीचं थंडीने होणारं नुकसान खरं आहे, पण मोठा वाटा आतली ऊब खाते. तेव्हापासून गाड्या बऱ्याच सुधारल्या आहेत आणि आज हिटरने होणारी घट इतकी मोठी क्वचितच दिसते. वाटणीचं चित्र मात्र तेच आहे.

आधी बॅटरीचं पाहू. लिथियम-आयन बॅटरीत लिथियमचे आयन एका इलेक्ट्रोडकडून दुसऱ्याकडे एका द्रवातून ये-जा करतात. थंडीत खोबरेल तेल जसं दाट होत जातं, तसा हा द्रवही दाट होतो. आयनांची चाल मंदावते आणि बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. तीच वीज बाहेर काढताना जास्त ऊर्जा बॅटरीच्या आतच खर्ची पडते आणि व्होल्टेज लवकर खाली येतं. म्हणून गाडीचा संगणक साठ्यातला काही भाग तात्पुरता बाजूला ठेवतो. टेस्लाच्या पडद्यावर अशा वेळी बॅटरीच्या चित्रात निळा तुकडा आणि हिमकण दिसतो. ती वीज कुठे गेलेली नसते. बॅटरी तापली की ती पुन्हा वापरता येते. पहिल्यांदाच हिवाळा पाहणारे बरेच चालक मात्र हे चित्र पाहून घाबरतात.

चार्ज करताना थंडी जास्त घातक ठरते. शून्याखाली गेलेल्या बॅटरीत जोरात वीज भरली तर आयन ग्राफाइटमध्ये शिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर धातूच्या रूपात बसू लागतात. हे नुकसान कायमचं असतं. ते टाळण्यासाठी गाडी थंड बॅटरीला हळूहळूच वीज घेऊ देते. उतारावर आणि ब्रेक लावताना परत मिळणारी वीजही त्याच कारणाने कमी होते, कारण तेही एक चार्जिंगच आहे. सकाळी निघाल्याबरोबर पाय उचलला तरी गाडी नेहमीसारखी मंदावत नाही, याचं कारण हे. बर्फाच्या रस्त्यावर हे आधीच माहीत असलेलं बरं.

आता हिटर. इथे एक साधी गोष्ट आहे, जी समजली की बाकीचे बहुतेक सल्ले आपोआप सुचतात. मोटर वीज घेते किलोमीटरमागे. हिटर वीज घेतो तासामागे. गाडी ताशी ८० ने धावत असो की सिग्नलला उभी असो, काचेपलीकडे उणे दहा अंश असतील तर हिटरचं काम चालूच राहतं.

समजा आतली ऊब टिकवायला दोन किलोवॉट लागतात. ताशी ८० च्या वेगाने शंभर किलोमीटर जायला सव्वा तास लागतो, म्हणजे हिटरचे अडीच युनिट. मोटरला तेवढ्या अंतरात सोळा-सतरा युनिट लागत असतील तर हा खर्च फारसा जाणवत नाही. तीच गाडी शहरातल्या रहदारीत ताशी २० ने चालली, तर शंभर किलोमीटरला पाच तास आणि हिटरचे दहा युनिट. शहरात रेंज चांगली आणि हायवेवर कमी हा विजेच्या गाडीचा नेहमीचा अनुभव थंडीत उलटू शकतो तो यामुळेच. हळू चालवलं की वीज वाचते, हा उन्हाळ्यातला नियमही एका मर्यादेनंतर चालत नाही. फारच सावकाश गेलं तर वाऱ्याच्या रोधात वाचलेली वीज हिटर खाऊन टाकतो.

सर्वांत महाग पडतात त्या छोट्या फेऱ्या. रात्रभर उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीत बसल्यावर सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं हिटर पाच किलोवॉटच्या आसपास ओढतो, कारण नुसती हवा नाही, तर आसनं, डॅशबोर्ड, काचा सगळंच तापवायचं असतं. पंधरा मिनिटांत सव्वा युनिट गेलं. तेवढ्या वेळात शहरात सहा किलोमीटर झाले असतील तर मोटरने एकच युनिट वापरलेलं असतं. चालण्यापेक्षा तापण्यावरच खर्च जास्त. मग गाडी दुकानापाशी तासभर उभी राहते, मिळवलेली ऊब निघून जाते आणि परतताना पुन्हा तेच. चार कामं चार वेगवेगळ्या वेळी करण्याऐवजी एका फेरीत उरकली, तर एरवी थोडा वेळ वाचतो. हिवाळ्यात विजेचा खर्च जवळजवळ निम्म्यावर येऊ शकतो. शहरी बसची अडचण याहून अवघड असते. प्रत्येक थांब्यावर दारं उघडतात आणि तापवलेली हवा बाहेर जाते. २०२३ च्या डिसेंबरात कडाक्याची थंडी पडली तेव्हा ऑस्लोतल्या विजेवरच्या बसच्या फेऱ्या रद्द कराव्या लागल्या होत्या.

तापवण्याच्या या खर्चावर नॉर्वेतल्या चालकांची पहिली सवय म्हणजे गाडी प्लगला लावलेली असतानाच तापवणं. सकाळी साडेसातला निघायचं असेल तर रात्रीच मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये किंवा गाडीच्या पडद्यावर निघायची वेळ टाकून ठेवायची. गाडी त्याआधी अर्धा-पाऊण तास जागी होते. भिंतीतली वीज घेऊन आतली हवा, काचा आणि बऱ्याच मॉडेलांत बॅटरीही तापवते. साडेचारशे किलो वजनाच्या बॅटरीचं तापमान वीस अंशांनी वाढवायला साधारण अडीच युनिट लागतात. रस्त्यावर हे युनिट बॅटरीतून गेले तर बारा-पंधरा किलोमीटर कमी होतात. घरच्या विजेतून गेले तर रेंजमधून काहीच कमी होत नाही. वर पहिल्या किलोमीटरपासून बॅटरी तरतरीत असते आणि ब्रेकमधून वीजही परत मिळते. तिथल्या लोकांना ही रीत नवी वाटली नाही. त्या भागात डिझेल-पेट्रोलच्या गाड्यांनाही इंजिन तापवणारा हिटर बसवून तो रात्री विजेला जोडायची पद्धत पूर्वापार आहे.

दुसरी सवय संध्याकाळची. घरी पोहोचल्यावर गाडी लगेच प्लगला लावायची, कारण तेव्हा बॅटरी चालून चालून ऊबदार झालेली असते आणि वीज सहज घेते. ‘उद्या सकाळी लावू’ म्हटलं की रात्रभर गारठलेली बॅटरी आधी तापवण्यातच वीज जाते. विजेचा रात्रीचा दर कमी असेल तर चार्जिंग पहाटे संपेल असं ठरवावं. म्हणजे निघायच्या वेळी बॅटरी नुकतीच चार्ज झालेली, थोडी गरम असते. चार भिंतींचं गॅरेज असेल तर ते वापरावं. बाहेर उणे पंधरा असताना आत शून्य असलं तरी तापवणं आणि चार्जिंग या दोन्ही कामांत फरक पडतो.

गाडी विकत घेतानाच ठरणारी गोष्ट म्हणजे हीट पंप. जुना साधा हिटर इस्त्रीसारखा काम करतो: एक युनिट वीज द्या, एक युनिट उष्णता घ्या. हीट पंप म्हणजे उलटा चालवलेला एसी. तो बाहेरच्या थंड हवेतली आणि मोटरमधली उष्णता गोळा करून आत आणतो. शून्याच्या आसपास एका युनिट विजेत दोन ते तीन युनिट ऊब मिळते. निसानच्या लीफमध्ये २०१३ च्या मॉडेलपासून तो आला आणि टेस्लाने २०२० मध्ये मॉडेल वायपासून वापरायला सुरुवात केली. पारा उणे पंधरा-वीसच्या खाली गेला की त्याचा फायदा घटत जातो. तिथे साधा हिटर मदतीला घ्यावा लागतो, म्हणून हीट पंप असलेल्या बऱ्याच गाड्यांत दोन्ही असतात. थंड प्रदेशात राहणाऱ्याने गाडी घेताना चाकांच्या डिझाइनआधी हीट पंप आहे की नाही ते विचारावं. काही कंपन्या तो जादा पैसे घेऊन देतात आणि पुढे बसवून घेणं सहसा शक्य नसतं.

हीट पंप नसेल तरी आसनाचा हिटर जवळजवळ सगळ्या गाड्यांत असतो, आणि तोच सर्वांत स्वस्त पडतो. गरम होणारं आसन शंभर वॉटच्या आत भागवतं, गरम होणारं स्टिअरिंगही त्याच घरातलं. आतली सगळी हवा तापवायला लागतात हजारो वॉट. पाठ आणि हात गरम असले की आतली हवा २२ ऐवजी १८-१९ अंशांवर ठेवली तरी माणसाला थंडी वाजत नाही. हिटर पूर्ण बंद करून, टोपी-हातमोजे घालून कुडकुडत जायचा सल्लाही अधूनमधून ऐकू येतो. तो देऊ नये आणि ऐकूही नये. बधिर बोटांनी आणि धूसर काचेतून बर्फाच्या रस्त्यावर गाडी चालवणं म्हणजे दहा-वीस किलोमीटरसाठी जीव पणाला लावणं आहे.

काच धूसर होण्यामागे ओलावा असतो आणि ओलावाही वीज खातो. बुटांना चिकटलेला बर्फ पायाखालच्या मॅटवर वितळतो, त्याची वाफ काचेवर बसते, मग काच स्वच्छ करायला ब्लोअर जोरात आणि एसीसकट लावावा लागतो. म्हणून बसण्यापूर्वी बूट एकमेकांवर आपटून बर्फ झाडायचा, रबरी मॅटमधलं पाणी ओतून द्यायचं आणि ओले कोट आत न टाकता डिकीत ठेवायचे. गाडी कोरडी असेल तर आतलीच हवा फिरवत ठेवता येते आणि बाहेरची उणे दहाची हवा पुन्हापुन्हा तापवावी लागत नाही. टपावरचा बर्फ झाडणं हा सुरक्षिततेचा प्रश्न तर आहेच, शिवाय तो वाऱ्याला अडवतो आणि वजनही वाढवतो.

रस्त्यावर आल्यावर भौतिकशास्त्र आणखी दोन ठिकाणी आडवं येतं. थंड हवा दाट असते. प्रयोगशाळेतल्या २३ अंशांपेक्षा उणे दहाची हवा सुमारे बारा टक्के जड असते आणि त्याच प्रमाणात ती गाडीला जास्त अडवते. हा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. नॉर्वेतल्या मोटरवेवर कमाल वेगमर्यादा ताशी ११० आहे. तिथे ९० ने गेलं तर वाऱ्याचा रोध जवळपास एक तृतीयांशाने कमी होतो. लांबच्या प्रवासात, हायवेवर, याहून मोठा फायदा देणारी दुसरी युक्ती नाही. हिवाळी टायर, ओला बर्फ आणि चिखल यांचाही रोध असतोच, पण हिवाळी टायरवर तडजोड करायची नसते. टायरमधल्या हवेकडे मात्र लक्ष हवं. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की दाब साधारण एक पीएसआयने कमी होतो. वर्कशॉपमधल्या वीस अंशांत ३६ पीएसआय भरून घेतलेली हवा उणे दहाला ३१ च्या खाली येते आणि मऊ टायर गाडीला मागे ओढतो. हवा थंड टायरमध्ये, थंडीतच तपासावी.

ऑस्लोहून बर्गनला जाणारा एक रस्ता हार्डांगरविडा पठारावरून जातो आणि समुद्रसपाटीपासून साडेबाराशे मीटरपर्यंत चढतो. माणसं-सामानासह बावीसशे किलोची गाडी तिथवर उचलायला सातेक युनिट नुसती चढणच घेते. उतरताना त्यातली बरीच परत मिळते, पण बॅटरी तापलेली असली तर आणि भरलेली नसली तरच. या घाटावर हिवाळी वादळात रस्त्यावर आडवा दांडा टाकतात. गाड्या तिथे रांगेत थांबतात आणि बर्फ सारणारं वाहन आलं की त्याच्या मागोमाग एकेका ताफ्याने सोडल्या जातात. कधी ही वाट तासभर पाहावी लागते, कधी बरीच जास्त. म्हणून घाटाच्या पायथ्याशी पोहोचण्यापुरता नव्हे, तर थांबण्यापुरताही साठा बरोबर लागतो.

बर्फात अडकलो आणि बॅटरी संपली तर, या भीतीचं उत्तर आकडेमोडीत मिळतं. उभ्या गाडीत आतली ऊब टिकवायला उणे दहाच्या आसपास दीड-दोन किलोवॉट पुरतात. बॅटरीत तीस युनिट शिल्लक असतील तर पंधरा ते वीस तास निघतात. हवा १५-१६ अंशांवर ठेवून आसनं गरम केली तर त्याहून जास्त. शिवाय इंजिन नसल्याने, सायलेन्सर बर्फाने बुजून कार्बन मोनॉक्साइड आत साठायचा जो धोका पेट्रोल-डिझेलच्या गाडीत असतो, तो इथे नाही. धोका येतो तो आठ-दहा टक्क्यांवर घाट चढायला घेतला तर. उन्हाळ्यात दहा टक्के राखून चालतं. हिवाळ्यात वीस टक्क्यांच्या खाली जाऊ नये, हे योग्य माप आहे.

वाटेतल्या फास्ट चार्जरवर काय होऊ शकतं ते २०२४ च्या जानेवारीत शिकागोमध्ये जगाने पाहिलं. पारा उणे वीसच्या आसपास होता. शहराच्या उपनगरांतल्या चार्जिंग स्टेशनांवर टेस्लांची रांग लागली, काही गाड्या वाट पाहतापाहताच संपल्या आणि टोइंग करून न्याव्या लागल्या. ‘थंडीत विजेच्या गाड्या मरतात’ अशा मथळ्याच्या बातम्या झाल्या. त्याच आठवड्यांत नॉर्वेतल्या गाड्याही कडाक्याच्या थंडीत होत्या आणि चालत होत्या. फरक बराचसा सवयींचा आणि सोयींचा होता. नॉर्वेत बहुतेकांच्या घरी चार्जर असतो. शिकागोतल्या रांगेत टॅक्सीसेवेच्या आणि घरी चार्जर नसलेल्या लोकांच्या गाड्या बऱ्याच होत्या. त्या जवळजवळ रिकाम्या आणि गारठलेल्या बॅटरीने आल्या, चार्जिंग अत्यंत हळू झालं आणि प्रत्येकाने चार्जर जास्त वेळ अडवल्याने मागची रांग वाढत गेली.

हे टाळायची सोय गाडीतच असते. नेव्हिगेशनमध्ये चार्जिंग स्टेशन हेच ठिकाण म्हणून टाकलं की अनेक गाड्या अर्धा तास आधीपासून बॅटरी तापवायला लागतात. टेस्लाने ही सोय २०१९ मध्ये आणली आणि आता ती बऱ्याच कंपन्यांकडे आहे. रस्ता पाठ असल्याने नेव्हिगेशन न लावता जाणाऱ्याला तिचा लाभ मिळत नाही. तापवण्यात दोन-तीन युनिट जातात, पण चार्जरवरची वीस-तीस मिनिटं वाचतात. अशी सोय नसलेल्या गाडीत सकाळी निघतानाच चार्जरवर जाऊ नये. तासाभराच्या प्रवासानंतर, बॅटरी ऊबदार असताना थांबावं. रात्री मुक्कामाला पोहोचल्यावर चार्ज करून झोपणं सकाळी चार्ज करून निघण्यापेक्षा केव्हाही चांगलं.

बॅटरीच्या प्रकारानेही फरक पडतो. लिथियम-आयर्न-फॉस्फेट, म्हणजे एलएफपी, या प्रकारच्या बॅटऱ्या टिकाऊ आणि आगीच्या दृष्टीने अधिक सुरक्षित असतात, पण थंडीत निकेलवाल्या बॅटऱ्यांपेक्षा त्या जास्त मंदावतात. सोडियम-आयन बॅटऱ्यांकडे उत्तरेकडच्या देशांचं लक्ष आहे ते यासाठीच. चीनच्या सीएटीएल कंपनीने २०२५ मध्ये आपली सोडियम बॅटरी जाहीर करताना ती उणे चाळीस अंशांनाही नव्वद टक्के क्षमता देते असा दावा केला.

भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच गाड्यांत, टाटाच्या नेक्सॉन ईव्हीतही, एलएफपी बॅटरी असते. महाराष्ट्राच्या हवेला ती योग्यच आहे. निफाडला पारा पाच-सहा अंशांवर उतरला तरी सकाळचे थोडे किलोमीटर कमी होण्यापलीकडे काही बिघडत नाही. इथे रेंज खातो तो उन्हाळ्यातला एसी. अमेरिकन असोसिएशनच्या त्याच चाचणीत ३५ अंशांना एसी लावल्यावर रेंज सरासरी १७ टक्क्यांनी घटली होती. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात सावलीत गाडी लावणं आणि निघण्याआधी प्लगवरच ती थंड करून घेणं हे नॉर्वेच्या सवयीचंच उन्हाळी रूप आहे.

इथल्या गाडीची थंडीशी खरी गाठ पडते ती हिमालयात. मनालीजवळचा नऊ किलोमीटरचा अटल बोगदा २०२० मध्ये खुला झाल्यापासून भर हिवाळ्यातही पर्यटक सिस्सू, केलाँगपर्यंत जातात आणि त्यांत महाराष्ट्रातले खूप असतात. स्पितीतल्या काझामध्ये २०२१ मध्ये चार्जिंग स्टेशन सुरू झालं. तिथे विजेची गाडी घेऊन जाणाऱ्याने निघण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात: गाडीत हीट पंप आहे का, बॅटरीला स्वतःचा हिटर आहे का, आणि मुक्कामाच्या हॉटेलात १५ अँपिअरचा सॉकेट पार्किंगपर्यंत पोहोचतो का. या सॉकेटमधून तासाला साधारण तीन युनिट मिळतात. उणे दहाच्या रात्री त्यातला काही भाग बॅटरी तापवण्यातच जाईल, म्हणून रात्रभरात तीसऐवजी वीस-बावीस युनिट धरून पुढचा टप्पा ठरवावा. पोहोचल्याबरोबर सामान उतरवायच्या आधी गाडी जोडावी, आणि सकाळी चहा-नाश्ता होईपर्यंत केबल काढू नये. हिटर तेवढ्या वेळात भिंतीच्या विजेवर चालवून घ्यावा.